स्वतःच स्वतःला दिलेला दाखला

लग्न जमवायचं असलं की कोंडूभाऊ विशे मुलाच्या गावी जायचे, पण मुलाच्या घरी जायचे नाहीत. आधी गिरणीवर जायचे. दळणाला आलेल्या बायकांच्या घोळक्यात उगाच उभं राहायचं, गिरणीवाल्याला पट्ट्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे आणि मग हळूच, "ह्या अमक्याचा पोरगा कसा हाय?" तिथून न्हाव्याकडं. दाढी वाढलेली नसली तरी करून घ्यायची. शेवटी मुलाच्या शेजाऱ्याकडं पाणी मागायचं, कारण पाण्याचा तांब्या हातात असताना माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता. एवढं सगळं मनासारखं झालं तर मुलाच्या घरी चहा, नाहीतर पुढची एसटी. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मधला माणूस म्हणून त्यांच्या शब्दाला मान होता, तो असा दाढ्या करून करून मिळवलेला होता.

अशा माणसाच्या मुलीनं आपला मुलगा आपणच शोधावा, ही तशी गंमतच म्हणायची. भूमिका ऐरोलीला एका कंपनीत जावा प्रोग्रॅमर होती. मुलगा त्याच कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. दीपेश शिगवण त्याचं नाव. समाजातलाच, निर्व्यसनी, कामात चोख, आणि हसला की एका गालाला खळी पडायची. खळीचं तिनं बाबांना सांगितलं नाही. बाकीचं सगळं एका रविवारी सांगून टाकलं, बाबा पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले असताना.

"गाव कुठला?" कोंडूभाऊंनी शेंगेतून मान वर न काढता विचारलं.

"भातसानगर."

"तो गाव नाय, कॉलनी हाय. धरणावर नोकरीला आलेली मान्सा राहतात तिथं. मूळ गाव?"

"गुहागरकडचं. पण त्याचे बाबा नोकरीला इकडं आले ते आलेच. तो इथंच जन्मला. गुहागरला त्याला आता कोणी ओळखत नाही."

"मंग कॉलनीत तरी शेजारी असतील."

"असतात. पण बदली होऊन जातात ना सारखे."

कोंडूभाऊंनी हातातली शेंग टोपलीत ठेवली. "म्हंजे गिरणी नाय, न्हावी नाय, शेजारी नाय. मंग मी चौकशी करू कोणाकडं?"

"त्याच्याकडंच करा. त्यालाच विचारा."

"त्याला इचारल्यावर तो काय स्वतःला वाईट म्हनेल का गो?"

ते रागावले नाहीत, हीच तर पंचाईत होती. रागावले असते तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, दोन दिवस जेवणावर बहिष्कार टाकता आला असता. कोंडूभाऊ शांतपणे म्हणाले की ज्याची चौकशी करता येत नाही त्याला मी लोकांची मुलगी देत नाय, मंग माझी कशी देऊ. आणि पुढं म्हणाले की मेळाव्यात तुझा नाव घालतो, चार चांगली स्थळं येतील. वालाचं बिरडं त्या रात्री उत्तम झालं होतं आणि भूमिकाला ते बेचव लागलं.

मेळावा म्हणजे समाजाचा वधू-वर मेळावा. कोंडूभाऊ त्याचे अध्यक्ष. मुरबाडच्या पुढं सिद्धगडाच्या अंगाला एक मंगल कार्यालय आहे, तिथं दरवर्षी तो भरतो. हॉल ऐसपैस, जेवण झकास, फक्त मोबाइलची रेंज डोंगरानं गिळलेली. मागच्या वर्षी मेळाव्यात एक भानगड झाली होती. लोक घरून फोटो घेऊन आले आणि फोटो कधीचे होते ते देवाला ठाऊक. कोंडूभाऊंची थोरली बहीण सकुबाई, हिच्या प्रज्वलचा फोटो डोक्यावर केस असतानाचा होता. मुलीकडचे प्रत्यक्ष बघायला आले तेव्हा त्यांनी प्रज्वललाच "नवरा मुलगा कुठं हाय?" असं विचारलं. तेव्हापासून कमिटीनं ठरवलं की फोटो हॉलमध्ये, समोरासमोर, ताजा काढायचा.

भूमिका पुढं झाली. मनात तिचा हिशेब वेगळा होता. मेळाव्याचं काम नीट झालं तर बाबा खूश होतील, आणि खूश झालेल्या बाबांशी परत एकदा बोलता येईल. तिनं महिनाभर खपून कार्यक्रम लिहिला. लॅपटॉपवर जावाचा सर्व्हर, हॉलमध्ये एक वाय-फायचा डबा, इंटरनेटची गरजच नाही. लोकांनी आपापल्या फोनवर पान उघडायचं, माहिती भरायची, पानातल्या पानात कॅमेरा उघडणार, फोटो निघणार, आणि लगेच स्टेजवरच्या पडद्यावर दिसणार. गॅलरीतले जुने केस चालणार नाहीत.

घरी लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. फोनवर मात्र कॅमेरा उघडेचना. मग तिच्या लक्षात आलं की पान कुलूपबंद नसेल, म्हणजे एचटीटीपीएस नसेल, तर ब्राउझर परक्या पानाच्या हातात कॅमेरा देत नाही. कुलूप लावायचं तर सर्टिफिकेट हवं. ते रीतसर मिळवायचं तर जगाला दिसणारा पत्ता हवा, म्हणजे कोणीतरी बाहेरची मोठी संस्था येऊन खात्री करून सही देते. डोंगराआडच्या हॉलमधल्या लॅपटॉपला जगात कोण ओळखणार? दुसरा मार्ग एकच होता. लॅपटॉपनं स्वतःच स्वतःला दाखला द्यायचा आणि खाली सहीही स्वतःच करायची. सेल्फ-साइन्ड म्हणतात त्याला.

ऑफिसात हे काम दीपेशच्या टेबलावर व्हायचं, तिनं स्वतः कधी केलं नव्हतं. जावाबरोबर कीटूल नावाचं एक अवजार फुकट येतं, ते तिनं उघडलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, तुमचं नाव आणि आडनाव काय? वास्तविक तिथं लिहायचा असतो सर्व्हरचा पत्ता. पण प्रश्न विचारणाऱ्यानं असा विचारला की उत्तर देणाऱ्याचा काय दोष! जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आयुष्यभर जे लिहीत आली तेच भूमिकाच्या बोटांनी लिहिलं. भूमिका कोंडू विशे. शहर विचारलं, शहापूर लिहिलं. राज्य विचारलं, महाराष्ट्र लिहिलं. सगळं बरोबर आहे का, असं त्यानं शेवटी विचारलं आणि ती मोठ्या आत्मविश्वासानं हो म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी पहाटेच विशे मंडळी किन्हवलीवरून सरळगावमार्गे हॉलवर पोचली. दीपेश भातसानगरहून मोटारसायकलनं आला. ऑफिसातला एक जण मदतीला येतोय, एवढंच भूमिकानं घरी सांगितलं होतं. फाटकापाशी त्याला गाठून तिनं बजावलं, "कोणी गाव विचारलं तर शहापूर सांग. खोटं नाही ते. तालुका शहापूरच आहे तुझा."

"बाबांनी विचारलं तर?"

"बाबांनी विचारलं तर नक्कीच शहापूर सांग."

दीपेशनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे बघायला भूमिकाला सवड नव्हती, कारण तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दोनशे खुर्च्या भरताना दिसत होत्या.

त्यानं लॅपटॉप लावला, सर्टिफिकेट बघितलं आणि खळी पडेपर्यंत हसला. "भूमिका, तू सर्व्हरला स्वतःचं नाव दिलंस."

"त्यानं विचारलं, मी सांगितलं."

"आणि मध्ये बाबांचंही!"

"मग? आपल्याकडं मध्ये बाबांचं असतंच."

नवीन करायला वेळ नव्हता. तसाही या दाखल्याला ब्राउझर ओरडणारच होता, नाव काहीही असो. एकदा पुढं जा म्हटलं की काम चालणार होतं. माईकवरून सूचना झाली, लोकांनी वाय-फाय जोडलं, पान उघडलं आणि हॉलभर एकदम शांतता पसरली.

प्रत्येक फोनवर लाल त्रिकोण होता. खाली लिहिलं होतं की तुमचं कनेक्शन खासगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.

आता हे कोणाला सांगितलं होतं? तर लग्नाच्या मुलींच्या आयांना. या आया बँकेतून, रेशन दुकानातून, शाळेच्या ग्रुपवरून वर्षभर एकच ऐकत आलेल्या, की लाल काही दिसलं तर हात मागं घ्या. त्यांनी हात मागं घेतले. काहींनी फोन बंद करून कमरेला खोचले. एका बाईनं तर मुलीला ओढणी तोंडावर घ्यायला लावली, कॅमेरा चालू झाला असला तर म्हणून.

"मी नाय दाबनार," सकुबाई पहिल्या रांगेतून उठून उभी राहिली. प्रज्वल शेजारी टोपी घालून बसला होता. "चोर हाय म्हनतोय तो. तोच म्हनतोय! मी काय खोटा बोलतंय?"

"आत्या, चोर नाही गं," भूमिका पुढं धावली. "हा आपलाच सर्व्हर आहे. तो बघ, टेबलावर लॅपटॉप. फक्त ह्याच्याबद्दल बाहेरच्या कोणी खात्री दिलेली नाही, म्हणून फोन घाबरतोय. ह्याचं सर्टिफिकेट त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे."

सकुबाईनं कंबरेवर हात ठेवले. "म्हंजे तो म्हनतो मी चांगला, आनि चांगला कोण म्हनतो, तर तोच?"

"हो, तसंच."

"गो बाय, मंग असा तर माझा प्रज्वलपन म्हनतो."

हॉल हसून लोटपोट झाला. प्रज्वलनं टोपी आणखी खाली ओढली. हसण्यात भूमिकाही सामील झाली खरी, पण स्टेजवर बसलेल्या बाबांनी ते ऐकलं होतं. पडवीत त्यांनी विचारलेला प्रश्न तोच होता. आणि तिनं तो दोनशे माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं काढून दिला होता.

नामाकाका कमिटीचे खजिनदार. त्यांना पहिल्यापासून हे कॉम्प्युटरचं प्रकरण रुचलेलं नव्हतं. ते म्हणाले, "सोडा हो. गेल्या सालचं कागद शिल्लक हायत माझ्याकडं, गाडीतून आनतो." दोघे-तिघे उठलेही. महिन्याभराची मेहनत नामाकाकांच्या गाडीच्या डिकीत जाऊन पडणार, हे भूमिकाला दिसू लागलं. तिला खुर्ची उचलून आपटावीशी वाटली, पण खुर्च्या भाड्याच्या होत्या.

"थांब रे नामा." कोंडूभाऊ स्टेजवरून उतरले. टेबलापाशी येऊन त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं, मग दीपेशकडं. "हा स्वतःच स्वतःला चांगला म्हनतो. ठीक. पन ह्याची चौकशी करायची काय रीत हाय का नाय?"

भूमिका उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात दीपेश बोलला. "आहे काका. प्रत्येक दाखल्याचा एक ठसा असतो, अंगठ्यासारखा. दुसऱ्या कोणाचा तसा नसतो. इथं लॅपटॉपवर खरा ठसा दिसतो. फोनवर आलेल्या दाखल्याचाही ठसा उघडून बघता येतो. दोन्ही जुळले तर फोन बोलतोय तो ह्याच लॅपटॉपशी, मधे कोणी नाही."

"मधे कोणी नाय," कोंडूभाऊंनी परत म्हणून बघितलं. जन्मभर मध्ये राहिलेल्या माणसाला ते जरा चमत्कारिक वाटलं असावं. "आन गो सकू तुझा फोन."

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. दीपेशनं ठसा कुठं दिसतो ते दाखवलं. लांबलचक ओळ होती, दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, इंग्रजी आकडे आणि अक्षरं मिसळलेली. कोंडूभाऊंनी फोनवरचं वाचायचं, दीपेशनं लॅपटॉपवर बघून हो म्हणायचं, असं ठरलं.

"तीन एफ."

"हो."

"नऊ शून्य."

"हो."

पाचसहा जोड्या झाल्या तसे नामाकाका कंटाळले. "कोंडूभाऊ, पहिलं चार न शेवटचं चार बघा ना. जेवनाची येळ व्हईल."

"नामा, पोराचा डोका न पाय बघून तू लगीन ठरवतोस काय?" कोंडूभाऊ फोनवरून नजर न हलवता म्हणाले. रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना आता या कामात रस वाटायला लागला होता. चौकशी कशी करतात, हे त्यांनी ऐकलं होतं, चालू असताना कोणी बघितलं नव्हतं.

"सी चार," कोंडूभाऊ म्हणाले आणि त्याच सुरात पुढं, "गाव कुठला तुझा?"

भूमिकानं दीपेशकडं बघितलं. डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल त्या सगळ्यानं ती शहापूर म्हणत होती.

"हो," दीपेश सी चारला म्हणाला. मग थोडं थांबून, "भातसानगर."

कोंडूभाऊंचं बोट फोनवर तसंच राहिलं. आजूबाजूच्या कोणाला काही कळलं नाही. भूमिकाला कळलं की बाबांना कळलं. हॉलमधल्या पंख्यांचा आवाज तिला एकदम मोठा वाटायला लागला.

"नाव?"

"दीपेश जगदीश शिगवण."

"आई काय करते?"

"कॉलनीत शिवणकाम. आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून मी सुई ओवून ठेवून ऑफिसला जातो."

कोंडूभाऊंनी चष्मा वर सरकवला. भूमिकाला सुयांचं माहीत नव्हतं.

"डी आठ," ते म्हणाले.

"हो."

असं चालू राहिलं. एक जोडी, एक प्रश्न. दारू? नाही. तंबाखू? कॉलेजात एकदा खाल्ली, चक्कर आली. मूळ गावात जमीन? असेल थोडी, चुलत्यांकडं, मागितली नाही कधी. आसपासच्या लोकांना वाटत होतं की अध्यक्ष वेळ घालवायला पोराशी गप्पा मारतायत. जेवणघरातून भाताचा वास यायला लागला होता.

"बी सात," कोंडूभाऊ म्हणाले.

दीपेश थांबला. त्यानं पडद्याजवळ तोंड नेलं. "काका, माझ्याकडं बी एक आहे."

"एक न सात, सारखंच दिसतं. चालव पुढं."

"नाही काका."

"अरे, एका अक्षरानं काय व्हतंय? एवढी मान्सा खोळंबलीत."

भूमिकाला वाटलं, हो म्हण रे दीपेश. एकदा हो म्हण, सगळे दाबतील, फोटो निघतील, बाबा खूश होतील. दीपेशची मान मात्र नकारार्थीच हलत होती.

"एक अक्षर वेगळं असेल तर फोन भलत्याशीच बोलतोय. मग सगळ्यांना वाय-फाय बंद करायला सांगावं लागेल. नामाकाकांचे कागद आणावे लागतील. पण हे असं चालवता येणार नाही."

कोंडूभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. "एकच हाय," ते म्हणाले. "बी एक."

"मला तर मघापासनं एकच दिसत व्हता," त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी सकुबाई म्हणाली. "चष्मा बदल रे कोंडू, इतका चांगला दिसतो तुला न आज काय झाला?"

भूमिकानं बाबांचा चेहरा बघितला आणि तिच्या ध्यानात आलं की त्यांना पहिल्यापासून एकच दिसत होता. असल्या युक्त्या ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून करत असत, हे तिनं आईकडून ऐकलं होतं. जीव भांड्यात पडला म्हणावं की अजून धाकधूक ठेवावी, तिला ठरवता येईना.

शेवटच्या जोडीपर्यंत सगळं जुळलं. कोंडूभाऊंनी फोन खाली ठेवायच्या ऐवजी वरची माहिती वाचायला घेतली, कारण समोर काही लिहिलेलं असलं की ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. वाचता वाचता ते थबकले.

"हितं भूमिका कोंडू विशे लिवलाय. कोणाला दिला, तर भूमिका कोंडू विशे. कोणी दिला, तर भूमिका कोंडू विशे."

"ती चूक आहे काका," दीपेश म्हणाला. "तिथं सर्व्हरचा पत्ता हवा होता."

"चूक कोणाची?"

दीपेशनं क्षणभर भूमिकाकडं बघितलं. "भूमिकाची."

बायका खळखळून हसल्या. भूमिका लाल झाली. एवढं खरं बोलायची काय गरज होती या माणसाला! "बाबा, त्यानं नाव विचारलं, मी लिहिलं," ती म्हणाली. "सगळ्या दाखल्यांवर लिहितो तसं. मधे तुमचं."

"म्हंजे माझा नाव हाय ह्यात."

"आहे."

कोंडूभाऊ उठले, स्टेजवर गेले आणि माईक हातात घेतला. माईक किंचाळला, त्यांनी तो लांब धरला. "ऐका. लाल दिसतंय ते मी बघितला. एक-एक अक्षर जुळवून बघितला. आतमधी माझ्या पोरीचा नाव हाय, माझा नाव हाय. काय इपरीत झाला तर माझ्या दारात या. आता दाबा."

आणि लोकांनी दाबलं. ज्या त्रिकोणाला बँकेच्या साहेबाचं भय चिकटलेलं होतं तो कोंडूभाऊंच्या एका वाक्यानं बाजूला झाला. कॅमेरे उघडले. मुलींनी बटा सारख्या केल्या, मुलांनी पोटं आत घेतली. सकुबाईनं प्रज्वलची टोपी स्वतःच्या हातानं काढली आणि म्हणाली, "हसून घे, डोका चमकला तर चमकू दे." पडद्यावर एकामागून एक चेहरे यायला लागले, आजचे, या हॉलमधले, मागं त्याच पिवळ्या भिंतीसह. सर्व्हर एकदाही बसला नाही. नामाकाकांनी तर दोनदा फोटो काढून घेतला आणि त्यांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती.

जेवणानंतर नावं पुकारायला सुरुवात झाली. पडद्यावर मुलीचा फोटो यायचा, कोंडूभाऊ माईकवर नाव, शिक्षण, नोकरी सांगायचे, आणि ज्यांना रस असेल ते आकडा टिपून घ्यायचे. भूमिकाची माहिती सकाळी बाबांनी स्वतः उभं राहून भरून घेतली होती. फोटोत ती हसली नव्हती. लॅपटॉपमागं बसल्या बसल्या ती मोजत होती की आपल्या आधी किती उरल्या. मग उरलं कोणी नाही. पडद्यावर तिचाच चेहरा आला.

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी पेनं सरसावली. ऐरोलीची नोकरी, कोंडूभाऊंची मुलगी, एवढं म्हटल्यावर पेन सरसावणारच. दीपेश वाय-फायच्या डब्याची वायर उगाचच हातात धरून बसला होता. वायर व्यवस्थित होती.

"भूमिका कोंडू विशे," कोंडूभाऊ म्हणाले आणि थांबले. दरवर्षी दोन्ही तालुक्यांतल्या मुलींची नावं धडाधड वाचणारा माणूस आपल्या मुलीच्या नावापाशी अडला, म्हणून काही बायका डोळ्यांना पदर लावायच्या तयारीत होत्या. कोंडूभाऊंनी घसा खाकरला. "हिची चौकशी चालू हाय. पुढची."

मेळाव्यात हे वाक्य सगळ्यांना समजतं. ज्या मुलीची चौकशी चालू आहे तिच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं असतं, कारण बोलणी एका घराशी सुरू झालेली असतात. मागच्या रांगेतली पेनं खिशात गेली. सकुबाईनं मान वळवून लॅपटॉपच्या टेबलाकडं बघितलं, मग दीपेशकडं, मग तोंडात बोट घातलं. भूमिकाला पुढच्या मुलीचा फोटो पडद्यावर आणायचा होता आणि तिला बटण सापडत नव्हतं. शेवटी दीपेशनंच ते दाबलं.

संध्याकाळी खुर्च्या उचलायची घाई सुरू झाली तेव्हा कोंडूभाऊ टेबलापाशी आले. दीपेश झटकन उभा राहिला.

"पुढच्या रविवारी येतो भातसानगरला," कोंडूभाऊ म्हणाले. "आई-बापांना सांग. सकाळीच येईन, जेवेन, बसेन. मला घाई नसते."

"हो काका."

"आनि अजून काय सांगायचा राहिला असेल तर आत्ताच सांगून टाक. मागनं कळला का मला आवडत नाय."

दीपेश विचारात पडला. भूमिका मनातल्या मनात देवाला म्हणाली की आता तरी याला गप्प राहू दे, आज पुष्कळ खरं बोलून झालंय.

"काका, मला भात लावता येत नाही," दीपेश म्हणाला. "चिखलात कधी उतरलोच नाही. कॉलनीत शेत नव्हतं."

कोंडूभाऊंनी त्याच्याकडं बघितलं. मग लेकीकडं बघितलं. मग एकदम मोठ्यानं हसले, इतक्या मोठ्यानं की खुर्च्या उचलणारी माणसं थांबली.

"हिला तरी कुठं येतो! गेल्या साली हिनं हौसेनं लावला एक तुकडा, दुसऱ्या दिवशी ही ऑफिसला गेल्यावर हिच्या आईनं सगळा उपटून परत लावला."

"बाबा!" भूमिका ओरडली. हे तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. भात छान आला तेव्हा तिनं त्या तुकड्यासमोर उभं राहून फोटोसुद्धा काढला होता. तिला भयंकर राग आला आणि त्या रागातच तिचे डोळे भरून आले, कारण आपल्या मुलीचं उणं बाबा परक्या माणसापुढं कधीच काढत नसत, हे तिला पक्कं माहीत होतं.